आमच्या गल्लीचे पाणी : एक अभ्यास

(विज्ञान शाखा, तृतीय वर्ष)

पाण्याला संस्कृतात 'जीवन' म्हणतात, हे आपण सर्वजण शाळेतच शिकलो. परीक्षेत समानार्थी शब्द विचारले की जल, नीर, उदक, तोय, जीवन अशी माळ आपण लिहून टाकतो आणि गुण मिळवतो. पण ज्या पाण्याला जीवन म्हणतात तेच पाणी एखाद्याचे जीवन हिरावून कसे घेते, हे मला दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरात पाहावे लागले. त्यानंतर मी जे वाचले, जे मोजले आणि जे डोळ्यांनी पाहिले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. कोणावर ठपका ठेवावा असा विचार नाही. ठपका ठेवायचाच झाला तर त्यातला मोठा वाटा आमच्याच घराकडे येतो, हे पुढे कळेलच.

पाणी येते कोठून?

बेळगाव शहराला मुख्यतः दोन ठिकाणांहून पाणी मिळते. पहिले ठिकाण म्हणजे शहराच्या पश्चिमेला मार्कंडेय नदीवर बांधलेला राकसकोप जलाशय. पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडले की 'राकसकोप भरला का?' हे आपण आधी पाहतो. त्याची पूर्ण पातळी २४७५ फूट, हा आकडा येथील लहान मुलालाही पाठ असतो. दुसरे ठिकाण हुक्केरी तालुक्यातील हिडकल धरण. घटप्रभा नदीवरचे हे मोठे धरण १९७७ साली पूर्ण झाले.

आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर वसले आहे. म्हणून धरणातले पाणी आपल्या घरी आपोआप वाहत येत नाही, ते उपसून वर चढवावे लागते. वीज गेली की उपसा थांबतो, उपसा थांबला की टाकी भरत नाही, आणि टाकी भरली नाही की आमच्या गल्लीचा 'पाण्याचा दिवस' पुढे ढकलला जातो. धरण काठोकाठ भरलेले असतानाही नळ कोरडा का, असे आजी विचारायची. त्याचे उत्तर हे असे आहे.

शुद्धीकरण केंद्रात पाण्यात तुरटी घालतात, गाळ खाली बसवतात, वाळूतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. म्हणजे केंद्रातून निघताना पाणी पिण्याजोगे असते. मग आमच्या घागरीत पडताना ते तसेच राहते का? माझा सारा अभ्यास या एका प्रश्नाभोवती फिरला.

दिनदर्शिकेवरील खुणा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला दिनदर्शिका टांगलेली असते. त्यावर आई दुधाचा हिशेब लिहिते, गॅसची टाकी लावली तो दिवस लिहिते आणि पाणी आले त्या तारखेभोवती गोल करते. त्या वर्षी आमच्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येत असे. मृगाचा पाऊस लागला त्या आठवड्यात एका गोलाशेजारी आईने 'घाण' असा शब्द लिहून ठेवला होता. त्या दिवशी सकाळी चावी सोडल्यावर पाणी गढूळ आले. शेजारच्या आजी अंगणातून ओरडल्या, "पाणी वास मारूलालंय बघ गं! भरू नको लगेच." थोडा वेळ पाणी वाहू दिले, रंग निवळला, वास कमी झाला आणि सगळ्यांनी भरून घेतले. न भरून सांगता कोणाला? पुढचे पाणी चार दिवसांनी येणार होते.

यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी वहिनीला ताप आला, अन्नावरची वासना गेली आणि डोळे पिवळे दिसू लागले. वहिनीचा सातवा महिना सरत आला होता. डोहाळजेवणाचा दिवसही ठरला होता. कावीळ म्हटल्यावर घरात जे होते तेच झाले. कोणी पाल्याचा रस देणाऱ्याचे नाव सांगितले, कोणी नाकात औषध घालणाऱ्याचे. त्यात आमचे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी वहिनी असंबद्ध बोलू लागली तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेले. वहिनी वाचली. बाळ वाचले नाही.

त्याच पंधरवड्यात गल्लीत आणखी काही घरांत कावीळ निघाली. प्रत्येक घर आपापले कारण शोधत होते. कोणी म्हणाले बाहेरचे खाल्ले, कोणी म्हणाले उसाचा रस प्यायला, कोणी दृष्ट काढली. सहा आठवड्यांपूर्वीच्या त्या एका गढूळ सकाळची आठवण कोणालाच झाली नाही. मलाही झाली नव्हती. पुढे पाठ्यपुस्तकात एक वाक्य वाचले आणि मी उठून दिनदर्शिकेची मागची पाने उलटली.

कावीळ म्हणजे काय?

कावीळ हा स्वतंत्र रोग नसून ते एक लक्षण आहे. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडतात तेव्हा बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृताला सूज आली की हे काम अडते, द्रव्य रक्तात साचते आणि डोळे, त्वचा, लघवी पिवळी होते.

यकृताला सूज आणणारे विषाणू अनेक आहेत. त्यांतील 'बी' आणि 'सी' हे मुख्यतः रक्तावाटे पसरतात, तर 'ए' आणि 'ई' हे रोग्याच्या मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. 'ए' बहुधा लहानपणीच होऊन जातो. मोठ्या माणसांत पाण्यावाटे जी कावीळ साथीने पसरते, ती आपल्या देशात पुष्कळदा 'ई'ची असते. बहुतेक रोगी विश्रांती आणि साध्या आहाराने काही आठवड्यांत बरे होतात. मात्र गर्भवतीच्या बाबतीत हा विषाणू फार क्रूर ठरतो. शेवटच्या तिमाहीत तो झाला तर शंभरातील वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे आम्हाला आधी माहीत असते तर ते पाच दिवस आम्ही घालवले नसते.

मी वर ज्या वाक्याचा उल्लेख केला ते असे होते : 'ई' विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे, सरासरी पाच ते सहा आठवडे जातात. हगवण लागली तर कालचे पाणी आठवते, पण सहा आठवड्यांपूर्वीचे पाणी कोण आठवणार? दूषित पाणी पिणे आणि रोग दिसणे यांत एवढे अंतर पडल्यामुळे खरा गुन्हेगार नेहमी सुटतो. आमच्या बाबतीत तो आईच्या एका शब्दामुळे सापडला.

दिल्लीचा धडा

या विषयाचा सर्वांत मोठा धडा देशाच्या राजधानीने घेतलेला आहे. १९५५ च्या नोव्हेंबरात यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे जेथून शहराचे पाणी उपसतात तेथवर उलटे आले. अधिकाऱ्यांनी धोका ओळखून पाण्यात तुरटी आणि क्लोरीन यांचे प्रमाण वाढवले. त्यामुळे पटकी, विषमज्वर यांची मोठी साथ आली नाही. सर्वांना हायसे वाटले. पण डिसेंबर-जानेवारीत शहरात काविळीची लाट उसळली. सुमारे २९,००० लोकांना उघड कावीळ झाली, आणि गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण इतरांहून फार मोठे होते. त्या वेळी या विषाणूची ओळखही पटलेली नव्हती. १९७८ साली काश्मीर खोऱ्यात अशीच साथ आली, तेव्हा ही 'ए'पेक्षा निराळी कावीळ असावी अशी शंका बळावली. पुढे १९८३ साली बालायन या रशियन शास्त्रज्ञाने रोग्यांच्या मैल्याचा अर्क स्वतः पिऊन, आजारी पडून, हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. त्यानंतर जपून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासल्यावर दिल्लीचा गुन्हेगारही तोच होता हे स्पष्ट झाले.

फार लांब जायचे कारण नाही. आपल्या शेजारच्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात अशीच काविळीची मोठी साथ येऊन गेली. त्यात माणसेही दगावली.

दिल्लीच्या गोष्टीचा बोध एवढाच की मैला पाण्यात मिसळल्यावर औषधाने ते निस्तरण्यापेक्षा मुळात मिसळू न देणे हाच खरा उपाय आहे.

नळीत घाण शिरते कशी?

केंद्रातून पाणी शुद्ध निघते, नळी बंद असते, मग मध्येच मैला कसा मिसळतो? याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

नळीत पाणी दाबाने भरलेले असते तोवर तिला भोक असले तरी पाणी आतून बाहेर जाते. गळती होते, पण घाण आत येत नाही. पाणीपुरवठा बंद झाला की गोष्ट उलटते. उताराकडच्या घरांत पाणी उतरते, नळी रिकामी होते आणि आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. त्या वेळी त्याच भोकाभोवती गटाराचे पाणी साचलेले असेल तर ते आत ओढले जाते. चार दिवसांनी पुन्हा पाणी सोडले की ही सारी घाण पहिल्या लोंढ्याबरोबर पहिल्या घागरीत येते. म्हणजे नळीला भोक, भोवती गटार आणि मधून मधून बंद होणारा पुरवठा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की साथीची तयारी झाली असे समजावे.

याला आपण स्वतः चौथी गोष्ट जोडतो, ती म्हणजे मोटर. नळालाच थेट मोटर लावली की ती नळीतले पाणी ओढून घेते. पाणी संपत आले तरी ती ओढतच राहते, आणि मग भोकांतून गटारही ओढते. आमच्या घरी अशी मोटर होती. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून वडिलांनी ती बसवली, आणि ती बसवून आणायला मीच गेलो होतो.

आम्ही गल्लीतल्यांनी संबंधित कचेरीत अर्ज दिला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. शेवटी एका रविवारी गल्लीतल्या तरुणांनी मिळून गटार उपसले. तेव्हा दिसले ते असे : रस्त्यातली मोठी नळी शाबूत होती. तिच्यापासून घराकडे येणाऱ्या बारीक लोखंडी नळ्या मात्र गटारातूनच ओलांडून आणल्या होत्या. त्यांतल्या चार-पाच नळ्या गंजून चाळण झाल्या होत्या. एक आमची होती. घराकडे येणाऱ्या त्या नळीची काळजी घेणे आमचेच काम होते, आणि ती बसवल्यापासून कोणी तिच्याकडे पाहिले नव्हते.

चार बाटल्या

पाण्यात मैला मिसळला आहे का हे पाहण्याची एक साधी पद्धत आहे. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली ती प्रसिद्ध केली. लहान बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून बाटली उबदार जागी ठेवायची. मैल्यातील जंतू असतील तर हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. जंतू किती आहेत हे त्यात कळत नाही, आहेत की नाहीत एवढे बहुधा कळते.

नव्या नळ्या घालण्यापूर्वी मी आणि माझा कन्नड विभागातील मित्र, असे दोघांनी चार बाटल्या भरल्या. त्याचे घर आमच्या मागच्या गल्लीत आहे. आमच्याकडे "पाणी आलं" अशी हाक होते, त्यांच्याकडे "नीर बंतु" अशी. दोन्ही हाका एकाच वेळी होतात, कारण नळी एकच आहे. पहिल्या बाटलीत नळ सोडल्याबरोबर आलेले पाणी घेतले, दुसरीत वीस मिनिटांनी आलेले, तिसरीत गल्लीच्या टोकाच्या जुन्या विहिरीचे, आणि चौथीत चोवीस तास पाणी असलेल्या वॉर्डातील एका नातेवाइकाच्या नळाचे.

पहिली बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीच काळी झाली. विहिरीची संध्याकाळपर्यंत झाली. दुसरी तिसऱ्या दिवशी काळपट दिसली. चौथी तशीच राहिली. चार बाटल्यांवरून शास्त्रीय सिद्धांत काढता येत नाही, हे आमच्या सरांनी बजावून सांगितले आणि ते बरोबरच आहे. पण हुबळी-धारवाड येथे संशोधकांनी मोठ्या प्रमाणावर केलेल्या तपासणीतही अखंड पुरवठ्याच्या नळांपेक्षा खंडित पुरवठ्याच्या नळांत मैल्याचे जंतू कितीतरी अधिक वेळा आढळले आहेत. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी येथील काही वॉर्डांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. चोवीस तास पाणी म्हणजे चैन, असे मी पूर्वी समजत असे. नळीत सतत दाब राहणे हाच त्यातला आरोग्याचा भाग आहे, हे मला आता कळले.

विहिरीचे काय?

आपल्या गावाला विहिरींचा मोठा वारसा आहे. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली १९२४ साली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा टिळकवाडीत खास विहीर खोदली. तिला ४,३७० रुपये ३ आणे खर्च आला होता. ती काँग्रेस विहीर आजही आपण पाहतो. १९९५ च्या टंचाईनंतर गावातील अनेक जुन्या विहिरींचा गाळ काढून त्या पुन्हा वापरात आणल्या गेल्या.

आपल्याकडे वरचा थर पुष्कळ ठिकाणी जांभ्या दगडाचा आहे. हा दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी चटकन मुरते आणि विहिरी लवकर भरतात. पण ज्या छिद्रांतून पाऊस मुरतो, त्याच छिद्रांतून संडासाच्या खड्ड्याचे पाणीही मुरते. म्हणून विहीर आणि असा खड्डा यांत निदान ५० फूट अंतर हवे, असे आरोग्यशास्त्र सांगते. आमच्या विहिरीपासून ते तेवढे नाही.

विहिरीत ब्लीचिंग पावडर 'अंदाजाने' टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे. वास्तविक हिशेब सोपा आहे. गोल विहिरीच्या व्यासाचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने गुणावे, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागावे. मापे मीटरमध्ये घेतली तर उत्तर घनमीटरमध्ये येते. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, आणि १,००० लिटरला चांगल्या पावडरीचे साधारण अडीच ग्रॅम लागतात. आमच्या विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर. म्हणजे ३ × ३ × ४ × ३.१४ ÷ ४ = २८.२६ घनमीटर, अर्थात सुमारे २८,००० लिटर. तिला सुमारे ७० ग्रॅम पावडर पुरते. पाणी फार गढूळ असेल तर अधिक लागते. पावडर बादलीत कालवून निवळू द्यावी, तळाची चुनखडी टाकून द्यावी आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळावे. त्यानंतर निदान एक तास पाणी काढू नये. रात्री टाकणे सर्वांत सोयीचे. उघडी राहिलेली जुनी पावडर निरुपयोगी होते, हेही लक्षात ठेवावे.

आपण काय करावे?

धरणे बांधणे, नळ्या बदलणे ही कामे मोठी आहेत. ती ज्यांची त्यांनी करावीत आणि आपण त्यांचा पाठपुरावा सोडू नये. पण पुढील गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

१. नळ सोडल्यावर येणारे पहिले पाणी पिण्यासाठी भरू नये. ते झाडांना, फरशीला वापरावे.

२. पाणी गढूळ किंवा वासाचे आले तर ती तारीख लिहून ठेवावी आणि त्याच दिवशी तक्रार द्यावी. पुढे दीड-दोन महिने गल्लीतील तापावर लक्ष ठेवावे.

३. तुरटीने पाणी निवळते, जंतू मरत नाहीत. फडक्याने गाळ अडतो, विषाणू अडत नाही. तीस हजार विषाणू एका ओळीत मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरतील, त्यांना फडके काय अडवणार? पावसाळ्यात पाणी खळखळून उकळावे, आणखी पाच मिनिटे उकळू द्यावे आणि त्याच भांड्यात झाकून ठेवावे.

४. नळाला थेट मोटर लावू नये. पाणी आधी जमिनीतल्या टाकीत घ्यावे आणि तेथून वर चढवावे.

५. आपल्या घराची नळी गटारातून येते का ते स्वतः पाहावे. येत असेल तर ती वर उचलून घ्यावी.

६. घरात गर्भवती असेल आणि तिचे डोळे पिवळे दिसले तर एक दिवसही न दवडता दवाखाना गाठावा. पाल्याचा रस, मंत्र, नाकातले औषध यांत वेळ घालवू नये.

आणखी एक गोष्ट. आपण वापरलेले पाणी जाते कोठे, याचाही विचार करायला हवा. शहराच्या सांडपाण्याचा मोठा भाग बळ्ळारी नाल्यातून जातो. येळ्ळूर, शहापूर, वडगावची भातशेती या नाल्याच्या पुराने आणि घाणीने कितीदा नासते, हे तेथील शेतकऱ्यांना विचारावे. नाला पुढे मार्कंडेय नदीला मिळतो आणि ती गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते. वरच्या अंगाला आपण ज्या नद्यांचे स्वच्छ पाणी घेतो, त्याच नद्यांत खालच्या अंगाला आपली घाण सोडतो. खालच्या गावांतही घागरी आहेत आणि त्या भरणाऱ्या लेकी-सुना आहेत.

आमच्या गल्लीत आता सर्व नळ्या गटारावरून नेल्या आहेत. आमची मोटर काढून टाकली आहे. महिन्यातून दोनदा मी आणि माझा मित्र विहिरीचे पाणी मोजतो आणि वजनकाट्यावर पावडर तोलतो. याच माहितीवर त्याने कन्नडमध्ये लिहिलेला लेख या अंकाच्या दुसऱ्या विभागात आहे. तो ज्यांना वाचता येतो त्यांनी तोही वाचावा, आणि ज्यांच्या घरी हा वाचता येत नाही त्यांना तो दाखवावा.

आई अजून दिनदर्शिकेवर गोल करते. आता त्याशेजारी पाण्याचा रंग आणि वास लिहिण्याचे काम वहिनीने आपल्याकडे घेतले आहे. एकही पाण्याचा दिवस तिने अजून चुकवलेला नाही.